परत न आलेले चार मिलिमीटर

"आज जुन्या पुलाने जा," असं ती बोलून गेली आणि मग ते वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं. ती सासूबाईंच्या पायाशी फरशीवर बसली होती. डायलिसिसच्या दिवशी त्यांचे पाय गार पडायचे, म्हणून जाड मोजे चढवायचं काम तिच्याकडे असायचं. सुजलेल्या घोट्यावर अंगठा टेकला की तिथे खळगा पडायचा आणि तो हळूहळू भरून यायचा. आज तो भरून येईचना. ती त्या खळग्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तोंडून ते निघून गेलं. दाराशी गाडीची किल्ली चाचपणारा नवरा थांबला. "का गं? जुन्या पुलाने पाऊण तास जास्त लागतो." "नव्या पुलावर काम चालू आहे," ती म्हणाली. "कसलं काम?" "रंगाचं." मोजा वर ओढून तिने खळगा झाकून टाकला. इतकं गुळगुळीत खोटं आपल्याला बोलता येतं याचं तिला नवल वाटलं नाही, भीती वाटली. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं, आणि ते आपल्याला माहीत आहे हे ती अजून स्वतःशीही बोललेली नव्हती. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. "तुझ्या पुलाला रंग लावतायत आणि मला वळसा," त्या म्हणाल्या, "चांगला न्याय आहे गं." नवरा हसला. तीही हसली. हसताना आपले दात कोरडे पडलेत असं तिच्या लक्षात आलं.

पूल तिचा होता, म्हणजे गेली नऊ वर्षं त्याची नाडी तिच्या हातात होती. मोजमाप विभागात ती आली तेव्हा पुलावर सहा सेन्सर होते, आता एकशे चौदा. कुठला खांब किती कलतो, कुठली तुळई किती वाकते, किती गाड्या गेल्या, ऊन किती, वारा किती, सगळं दर मिनिटाला तिच्या पडद्यावर येऊन पडायचं. लोकांना पूल म्हणजे दगडासारखा निश्चल वाटतो. तिला तो कधीच निश्चल दिसला नव्हता. दुपारच्या उन्हात तो लांब व्हायचा, खांबांची डोकी दोन-तीन मिलिमीटर पुढे ढकलायचा, आणि पहाटेच्या गारव्यात सगळं आवरून जागच्या जागी परत यायचा. रोज जायचा, रोज यायचा. नवी नवी असताना तिला यात इतका आनंद व्हायचा की जेवताना ती नवऱ्याला सांगायची, "आज तीन पूर्णांक एक गेला, तीन पूर्णांक एक परत आला." नवरा म्हणायचा, "माझ्यापेक्षा वक्तशीर आहे." गेले सोळा दिवस तिसरा खांब पूर्ण परत येत नव्हता. वरच्या धरणाच्या दरवाज्यांची दुरुस्ती निघाली होती, त्यासाठी तीन आठवड्यांपूर्वी पाणी सोडलं होतं. नदी चार दिवस तांबडी होऊन वाहिली आणि मग उतरली. त्यानंतर हे सुरू झालं. सुरुवातीला केसाएवढा फरक. गेल्या चार पहाटांना मात्र शून्य पूर्णांक तीन, चार, पाच, आणि आज सहा वाजता अंथरुणातच तिने फोनवर पाहिलं तर सात. सगळे मिळून चार पूर्णांक एक मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढेही नाहीत. त्या चार मिलिमीटरनी तिला कोणी नाकाला चिमटा लावावा तसं झालं होतं, श्वास पुरा होत नव्हता.

कार्यालयात पोचली तेव्हा पडद्यावर तिसऱ्या खांबाचा ठिपका हिरवा होता. उन्हाचा फुगवटा वजा करून सहा मिलिमीटरला पिवळा, दहाला लाल, असा नियम होता. हिरवा म्हणजे 'नोंद ठेवा'. नोंद ठेवायची, चहा प्यायचा, पुढचा खांब बघायचा. आणि नियम कुणी बाहेरच्याने आणून डोक्यावर ठेवला नव्हता. तिनेच लिहिला होता. त्याआधीचा नियमही तिचाच: तीनला पिवळा, सहाला लाल. त्या जुन्या रेषेने काल पहाटेच पिवळा दिवा लागला असता. रेषा का सरकवली याचं उत्तर टिपणात दोन पानं भरून होतं, तापमानाचा परिणाम, मोजमापातली चूक, इतर पुलांचा अनुभव. समितीने ते मान डोलावत मंजूर केलं होतं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. फक्त खरं कारण त्यात नव्हतं. खरं कारण एक बाई होती.

तीन वर्षांपूर्वी मधल्या तुळईवरच्या एका सेन्सरचा आकडा भर दुपारी उडी मारून लाल रेषेपलीकडे गेला होता, आणि तिने क्षणाचाही विचार न करता पूल बंद करायला लावला होता. अकरा तास. मग कळलं की उन्हाने सेन्सरखालचा गोंद सुटला होता. पुलाला काहीही झालेलं नव्हतं. त्या अकरा तासांत एक अँब्युलन्स जुन्या पुलाच्या गर्दीत अडकली आणि आतला माणूस तिथेच गेला. त्याची बेकरी होती. वेळेत पोचला असता तरी वाचला असता असं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. चौकशी झाली, ठपका कुणावरच आला नाही. महिनाभराने त्याची बायको आली. तिला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल. बाई खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि शाळेतल्या मुलीने शंका विचारावी तशी म्हणाली, "मला एवढंच विचारायचं होतं, नक्की काय तुटलं होतं?" "काही नाही." "म्हणजे थोडंसं?" "नाही. काहीच तुटलं नव्हतं." बाईने मान हलवली, जणू हिशेबाच्या बाहेरचं काहीतरी समजून घेतलं, आणि म्हणाली, "बरं." बाईला पाणी विचारायचंही तिला सुचलं नाही. त्या 'बरं'नंतर चार महिन्यांनी तिने रेषा सरकवल्या होत्या. आकड्यांना थोडी जागा द्यायला हवी, असं ती सगळ्यांना सांगायची. जागा तिला स्वतःला हवी होती. कुठलाही आकडा तिच्याकडे इतक्या लवकर येऊन 'आता काय?' असं विचारू नये, म्हणून ती मागे सरकत सरकत दहावर जाऊन उभी राहिली होती. आता चारावर उभा असलेला आकडा तिला दिसत होता आणि तो बघण्याची नियमाने तिच्यावर सक्ती नव्हती.

पावणेनऊला नवऱ्याचा फोन आला. "पोचलो. आईला आत घेतलंसुद्धा." ती घड्याळाकडे बघत राहिली. "एवढ्या लवकर?" "अगं, नव्या पुलानेच आलो. फाट्यावर वाटलं, बघू तर खरं. कुठे रंग, कुठे काय! सगळं मोकळं. तुमच्या खात्याला आपलं काम कधी चालू आहे हेसुद्धा माहीत नसतं." तो मजेत होता. तिच्या डोळ्यांसमोर त्यांची पांढरी गाडी तिसऱ्या खांबावरून जात होती, आत सासूबाई खिडकीला डोकं टेकून बसलेल्या, आणि खाली पाण्यात कुठेतरी, तिला न दिसणाऱ्या जागी, काहीतरी एका कणाने ढळत होतं. "ऐकतेयस ना? साडेबारा-एकला निघू." "हो," ती म्हणाली. खरं सांगण्याची ही दुसरी वेळ आली आणि गेली. खरं सांगायचं तर काय सांगायचं? की हिरव्या ठिपक्याला मी घाबरले? मागच्या वेळीही ती घाबरली होती आणि काही तुटलं नव्हतं. एकदा फसलेल्या भीतीवर माणूस पुन्हा कसा विश्वास ठेवणार? आणि ठेवला नाही, आणि ती या वेळी खरी निघाली तर?

लहानपणी तिला ताप आला की घरात भांडण व्हायचं. आई कपाळावर तळवा ठेवून म्हणायची, अंग कढत आहे. वडील थर्मामीटर झटकून तिच्या काखेत लावायचे आणि खिडकीशी नेऊन वाचायचे, पारा नाही म्हणतो. आई म्हणायची, मोडलाय तुमचा पारा. वडील म्हणायचे, तुझा हात चुलीपाशी तापलाय. मधे ती पडलेली असायची, आणि आपल्याला ताप आहे का हे तिलाही ठरवता यायचं नाही. मोठी झाल्यावर तिने वडिलांची बाजू घेतली, पाऱ्याची. जे मोजता येत नाही त्यावर माणसं ओरडून बोलतात, असं तिला वाटायचं. पण या क्षणी तिच्यातली आई तळवा पुढे करत होती, आणि तो तळवा चुलीपाशी तापला होता की खरंच ताप होता हे सांगायला घरात दुसरा थर्मामीटर नव्हता. नव्हता का? ती एकदम सरळ बसली. दुसरा थर्मामीटर. भीती बाजूला ठेव, तिने स्वतःला बजावलं, भीती पुरावा नव्हे आणि भीती नसणं हाही पुरावा नव्हे. सेन्सर खोटं बोलत असेल तर एकटा सेन्सर बोलेल. खांब खरंच कलत असेल तर दुसरंही काहीतरी बोलायलाच हवं.

यंत्र बसवणारा जुना तंत्रज्ञ गोदामात केबल गुंडाळत होता. सगळे त्याला ओळंबा म्हणत, कारण तो चालायचा सरळ आणि बोलायचाही सरळ, गवंड्याच्या दोरीसारखा. "काका, पोलादी पट्टी घ्या," ती म्हणाली, "सांध्यांच्या फटी मोजायच्यात." "कुठल्या?" "तिसऱ्या खांबावरची आणि चौथ्या." ओळंब्याने केबल खाली ठेवली. "का बाई, सेन्सर बिघडला?" "तेच बघायचंय." "तिसऱ्याचा मी स्वतः बसवलाय. गोंदाने नाही, बोल्टने." हे त्याने अभिमानाने सांगितलं की इशारा म्हणून, तिला कळलं नाही.

पुलावर दोन गाळे जोडतात तिथे दोन बोटं रुंद फट ठेवलेली असते, ऊन-थंडीने पुलाला लांब-आखूड होता यावं म्हणून. तिसऱ्या आणि चौथ्या खांबांमधला गाळा तिसऱ्या खांबाला घट्ट बांधलेला होता आणि चौथ्यावर नुसता सरकता टेकलेला. तिसऱ्याचं डोकं हललं तर आख्खा गाळा त्याच्याबरोबर जाणार, तिसऱ्यावरची फट रुंदावणार आणि चौथ्यावरची तेवढीच अरुंद होणार. यात वीज नाही, गोंद नाही, पडदा नाही. ओळंब्याने लाल शंकू मांडून एक पट्टा अडवला आणि ती भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली. शेजारून बस गेली तेव्हा सगळा रस्ता तिच्या गुडघ्यांतून थरारून गेला. हे नेहमीचंच, तिने स्वतःला सांगितलं, पूल थरारतो म्हणूनच तो पूल असतो. पण शरीराला ते पटत नव्हतं. शरीर प्रत्येक ट्रकच्या आधी आक्रसत होतं. फटीतून खाली नदी दिसत होती, हिरवी, संथ, काही न सांगणारी. आजच्या तापमानाला दोन्ही फटी अडतीस हव्यात, हे तिने निघण्याआधीच कागदावर काढून सही करून ठेवलं होतं, नंतर मनाला सोयीचा आकडा काढता येऊ नये म्हणून. तिने पट्टी घातली. बेचाळीस. हात पुसून पुन्हा घातली. बेचाळीस. "तुम्ही बघा," ती ओळंब्याला म्हणाली आणि आपला आकडा सांगितला नाही. तो चष्मा कपाळावर चढवून वाकला. "बेचाळीस. थोडं वरच." मग दोघं चौथ्या खांबापर्यंत चालत गेले, गाड्यांच्या वाऱ्यात तिची ओढणी तोंडावर येत होती. अडतीस असू दे, ती मनात म्हणत होती, अडतीस असू दे, मी पुन्हा खोटी ठरू दे, सगळ्यांनी हसू दे. चौथ्यावर चौतीस भरले. ओळंब्याने पट्टी बाहेर काढली आणि पँटला पुसली. एका फटीने घेतलं होतं तेवढंच दुसरीने दिलं होतं. "बाई," तो म्हणाला, "सेन्सर बरोबर आहे." त्याचा आवाज इतका हळू होता की ट्रकखाली तो चिरडून गेला, पण तिला ऐकू आला.

आनंद व्हायला हवा होता असं तिला क्षणभर वाटलं. तीन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते हेच होतं, आपली भीती खरी निघणं. झालं उलटंच. आत्तापर्यंत भीती तिच्या एकटीची होती, लाजेसारखी लपवता येणारी. आता ती पट्टीवर मोजून झाली होती, ओळंब्यालाही दिसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं स्कूटरवर मुलांना पुढे उभं करून, गाणी लावून, शिंकत, भांडत जात होती.

कार्यालयात तिचे साहेब फाइलवर सही करत होते. चांगला माणूस. मागच्या वेळी चौकशीत ते तिच्या बाजूने उभे राहिले होते आणि त्यापायी त्यांची बढती दोन वर्षं लटकली होती, ते कधी बोलून दाखवत नसत. तिने आलेख, फटींचे आकडे, धरणाच्या पाण्याची तारीख समोर ठेवली. त्यांनी सगळं नीट वाचलं. "पायाखालची वाळू वाहून गेली असेल, असं म्हणताय." "हो. पाणबुडे उतरवून बघावं लागेल." "उतरवू. उद्या सकाळी. पण बंद कशाला? चार आहेत. पिवळ्यालाही दोन बाकी आहेत. नियम तुमचाच आहे, मॅडम." "रोजचा वेग वाढतोय. शून्य पूर्णांक तीन, चार, पाच, सात. चार हा आकडा महत्त्वाचा नाही, तो कुठे निघालाय ते महत्त्वाचं आहे." "मागच्या वेळीही तुम्ही अशाच उभ्या होतात इथे." ते रागाने म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. काहीतरी जोराचं, शहाणपणाचं बोलावं असं तिला वाटत होतं, आणि तोंडातून आलं ते भलतंच. "रेषा मी घाबरून सरकवली, साहेब. टिपणात लिहिलंय ते खरं आहे, पण त्यासाठी नाही सरकवली. ती बेकरीवाल्याची बायको येऊन गेली, त्यानंतर सरकवली. जुन्या रेषेने काल पिवळा लागला असता." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "आणि आज सकाळी," ती म्हणाली, "मी घरच्यांना या पुलावरून जाऊ नका म्हणून सांगितलं." "काय कारण सांगितलंत?" "रंगकाम." "किती वाजता सांगितलंत?" "साडेसातला." साहेबांनी भिंतीवर पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. त्यांनी आपला पडदा तिच्याकडे वळवला. पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या मोजणारी पट्टी होती, तीही तिनेच बसवून घेतलेली. साडेसात ते सव्वाअकरा, सहा हजार तीनशे बारा गाड्या. साहेबांनी तो आकडा मोठ्याने वाचला नाही. त्यांनी फोन उचलला आणि वाहतूक पोलिसांचा नंबर लावायला सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली, आणि साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "एकदम नको. ट्रक आणि बस आत्ता बंद करा, ओझं तेच घालतात. जुन्या पुलावरही ट्रक सोडू नका. हलक्या गाड्या चालू द्या. आधी दोन अँब्युलन्स पलीकडच्या इस्पितळातून अलीकडे आणून उभ्या करा, तिथे कळवा, मग बंद करा." "त्याला तासभर लागेल." "हो." "तुम्ही आत्ताच म्हणालात की—" "हो साहेब, म्हणाले." हे तीन वर्षांत तिने किती वेळा मनात रचलं होतं! त्या दिवशी आधी अँब्युलन्स हलवायला हव्या होत्या, हे तिला अंघोळ करताना, भाजी निवडताना, सिग्नलला थांबताना सुचत आलं होतं. आता ते तोंडातून धडाधड बाहेर पडलं आणि त्याचा अर्थ असा झाला की पुढचा एक तास तिने जाणूनबुजून माणसांना त्या खांबावरून जाऊ दिलं. दोन्ही बाजूंना माणसं होती. एका बाजूला पुलावरची, दुसऱ्या बाजूला अजून आजारी न पडलेली. तिने त्यांना तराजूत घातलं होतं, आणि काटा तिच्या हातात होता.

तो तास तिने पुलाच्या अलीकडच्या टोकाला पोलिसाच्या छत्रीखाली काढला. ट्रक थांबले तसा रस्ता मोकळा झाला आणि हलक्या गाड्या जास्तच वेगाने धावू लागल्या. फोनवर दर मिनिटाला आकडा येत होता. चार पूर्णांक दोन. दोन. दोन. तीन. हे ऊन आहे, वजाबाकीतून सुटलेला दुपारचा फुगवटा आहे, हे तिला माहीत होतं, तरी प्रत्येक बदलाला ती मान वर करून तिसऱ्या खांबाकडे बघत होती. बाराला पहिली अँब्युलन्स आली. दुसरी वाटेत होती. बारा वीसला नवऱ्याचा फोन वाजला.

"आईचं प्रेशर पडलं, अर्धा तास आधीच मशीनवरून काढलं," तो धापा टाकत बोलत होता. "उलट्या होतायत. आणि इथे सांगतायत पूल बंद होणार म्हणून. खरं आहे?" "हो. साडेबाराला." "आत्ता निघतो मी. पंधरा मिनिटांत पार होऊ. पाच मिनिटं इकडेतिकडे, तू तिथेच आहेस ना?" तिने डोळे मिटले. गाड्यांचा आवाज समुद्रासारखा येत होता. "नको," ती म्हणाली. "काय नको? अगं, जुन्या पुलाने दोन तास लागतील आज. गाडीत काय करू मी तिचं? पाच मिनिटं फक्त." "तुम्ही पुलावर येऊ नका. तिथेच थांबा. इस्पितळात, नाहीतर ताईंकडे जा." ताई म्हणजे त्याची चुलत बहीण, ती पलीकडेच राहायची. "अजून गाड्या चालू आहेत की नाही?" "आहेत." "मग आमचंच काय वाकडं आहे?" पाच मिनिटं थांबवणं तिला सहज शक्य होतं, पोलीस तिच्या हाताच्या अंतरावर उभा होता, आणि त्या पाच मिनिटांत बहुधा काहीच झालं नसतं. "मी सकाळी खोटं बोलले," ती म्हणाली. "रंगकाम नव्हतं. तिसरा खांब कलतोय." मागे कुणीतरी नर्सला हाक मारत होतं. "हे सकाळी सांगितलं असतंस," तो शेवटी म्हणाला, "तर मी आईला घेऊन त्याच्यावरून गेलो असतो का?" आणि फोन बंद झाला. बारा बत्तीसला दुसरी अँब्युलन्स पूल ओलांडून आली. चौतीसला पोलिसाने अडथळा ओढला. शेवटची पार झालेली गाडी निळी होती, मागच्या काचेतून एक कुत्रा बाहेर बघत होता. मग पुलावर कधी नव्हती अशी शांतता पसरली, आणि अडथळ्यापाशी पहिला हॉर्न वाजला.

दुपार शिव्या ऐकण्यात गेली. फोनवर, दारात, जिन्यात. उद्याऐवजी आजच चारला पाणबुडे आले, होडीतून तिसऱ्या खांबाकडे गेले. तिला होडीत जागा नव्हती. "तुम्ही घरी जा," साहेब म्हणाले, "इथे नुसत्या उभ्या राहून काय करणार?" नवऱ्याचा संदेश आला होता: ताईकडे आहोत. आई झोपली. त्यापुढे काही नाही. ती पलीकडे जायला बसमध्ये चढली, कारण त्या झोपलेल्या बाईचे पाय एकदा बघावेत याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

जुन्या पुलावर बस येऊन थांबली आणि हलेचना. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळा पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेला. ती खिडकीशी बसली होती आणि तिच्या लक्षात आलं की या पुलावर एकही सेन्सर नाही. सकाळी घरच्यांना तिने इकडे पाठवलं होतं ते याच भरवशावर, की इथे घाबरवायला आकडाच नाही. ट्रक वगळता नव्या पुलाचं आजचं सगळं ओझं तिने उचलून या म्हाताऱ्यावर घातलं होतं, आणि हा कुरकुरला तर कुणाच्याही पडद्यावर दिसणार नव्हतं. तिने पुढच्या सीटचा दांडा धरला. बसमध्ये उकडत होतं. "तासभर झाला हो," मागून कुणीतरी म्हणालं. "मागच्या वेळीही असाच बंद केला होता, आणि निघालं काय? डोंबल!" "खुर्चीत बसून बटण दाबायला काय जातंय त्यांचं." "कोण दाबतं पण हे बटण? एकदा तोंड बघायचंय त्याचं." कंडक्टर म्हणाला, "साहेब लोक." "मी बंद केला," ती म्हणाली. ते तिने मोठ्याने म्हणायचं ठरवलं नव्हतं. चार-पाच डोकी वळली. घामेजलेला चेहरा, ओढणीवर काळे डाग, मांडीवर जेवणाचा न उघडलेला डबा. "मग उघडा की ताई आता," कंडक्टर म्हणाला, "पाया पडतो तुमच्या." सगळी बस हसली. शेजारी भाजीची पिशवी घेऊन बसलेली म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. तीही हसली. त्याच वेळी फोन वाजला.

"मॅडम," साहेबांच्या मागे पाण्याचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज होता. "पाणबुड्या वर आलाय आत्ता. वाळू दोन पुरुष खोल गेली आहे, म्हणतोय. पाया उघडा पडलाय. पायाच्या खाली हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला, आणि तरी पलीकडची बाजू लागली नाही. नुसतं पाणी आत-बाहेर करतंय. ऐकताय ना? अर्धा पाया हवेत आहे, मॅडम. दगड टाकायचं काम आज रात्रीच सुरू करतोय. वाचेल म्हणतायत. मॅडम?" "ऐकतेय," ती म्हणाली. साहेब आणखीही काही बोलले, समितीचं, जुन्या पुलाचं, आभाराचं. मग फोन बंद झाला. बस एक हातभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. आधी तिचा डबा वाजायला लागला. झाकणाची कडी टक टक टक करू लागली तेव्हा तिने खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी डबा दाबून धरला, तर हातच थरथरत होते. मग गुडघे. मग दात. तिने ओठ मिटून घेतले, पण आतून ते वाजतच राहिले. सकाळी सातला, आठला, नऊला त्या पोकळीवरून कोण कोण गेलं होतं ते एकामागून एक, गाडीमागून गाडी, तिच्यातून जात होतं, आणि त्यांना थांबवायला आता काहीच उपाय नव्हता.

म्हातारीचं हसू कधीच ओसरलं होतं. तिने भाजीची पिशवी पायाशी ठेवली, तिच्या हातातून डबा काढून आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या मनगटाला धरलं. "काय गं पोरी, काय झालं? वाईट बातमी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही हो आजी. चांगली आहे. चांगलीच बातमी आहे."

म्हातारीने तिचं मनगट सोडलं नाही.